बायाबाईने हात लावला नाही

कारध्याच्या ढिवरपुऱ्यात, म्हणजे मासेमारांच्या वस्तीत, बायाबाईच्या हाताला मोठा मान होता. गेल्या तीस वर्षांत तिथे जो कोणी जन्मला तो आधी बायाबाईच्या हातात आला आणि मग जगात. पुढे त्यातल्या काहींनी जे दिवे लावले त्याची जबाबदारी तिने कधी घेतली नाही.

१९७९ साली सरकारने सुईणींसाठी महिनाभराचं प्रशिक्षण काढलं, तेव्हा पत्र्याची पेटी मिळते असं ऐकून तीही गेली. नर्स पुष्पाबाई फळ्यावर गर्भाशय काढत, बायाबाईला पेरू आठवे आणि पेरूपाठोपाठ झोप येई. तिच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली, तीही पुष्पाबाईंनी हलवून जागं करून सांगितली म्हणून: पाणी गेलं आणि कळा नाहीत, तर आत हात घालायचा नाही, दवाखाना गाठायचा. बायाबाईला हसू आलं होतं. सुईणीने हात घालायचा नाही तर काय शेजारी बसून भजन म्हणायचं?

पेटीत तिने तंबाखू ठेवली.

पुढच्या माघात ती एका दुपारी यशोदाबाईकडे मासोळी आणायला गेली. यशोदाबाईची सून शकुन आठ महिन्यांची पोटुशी, भिंतीला टेकून बसली होती. हिनं सकाळपासून तिसरं लुगडं भिजवलं, मासोळीची टोपली नीट निथळू न देताच उचलते, अशी सासूची तक्रार. ढिवराच्या घरात ओलं लुगडं ही काही बातमी नव्हे. तिथे कोणी कोरडं दिसलं तर लोक तब्येत विचारतात.

बायाबाईने मात्र शकुनच्या लुगड्याची ओली कड उचलून नाकाला लावली. पुन्हा लावली. त्या घरात देवाच्या फोटोलाही मासोळीचा वास होता, या कडेला नव्हता.

"कवापासून व पोरी?"

"पहाटपासून. दुखत नाई काई. थेंब थेंब येऊन राहिलं."

पाणमोट फुटली होती. महिनाभर आधी, आणि कळांचा पत्ता नाही.

हे ऐकताच यशोदाबाईने चुलीवर पाणी चढवलं, तेलाची वाटी पुढे सरकवली. बायाबाईचे हात सवयीने वाटीकडे निघाले. तिने ते मागे घेऊन काखेत दाबले.

"हात टाकून पाह्य ना व बाई. का झालं तुह्या हाताले?"

"नाई टाकत. तुह्या पोराले बोलाव, मंगरूले. खाट काढा."

बाया जमल्या. कोणी म्हणालं बाई म्हातारी झाली, कोणी म्हणालं सरकारनं बिघडवली, दवाखान्यात गेलेलं माणूस खाटेवरूनच परत येतं. हे शेवटचं तर बायाबाईनेच तीस वर्षं लोकांना सांगितलं होतं. शकुनचं काही वाईट झालं तर पुऱ्यात तिला कोणी दार उघडणार नव्हतं. पण अशाच पाणी गेलेल्या दोघी तिला आठवत होत्या. दोघींना तिने हात घातला होता. दोघी तिसऱ्या दिवशी तापाने गेल्या. तेव्हा तिने नजर लागली म्हणून सांगितलं होतं. आज तिला ते सांगवेना.

शकुनच्या कमरेखाली वाकळेची घडी सरकवून मंगरू आणि त्याच्या भावांनी आपल्या घरची लक्ष्मी खाटेसकट उचलली. वैनगंगेच्या पुलावर सायकलवाले खाली उतरले, एका ट्रकवाल्याने हात जोडले. शकुनने पडल्यापडल्या त्याला उलट रामराम केला. पुढे तो ट्रक फार वेगाने गेला.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आत हात कोणी घातला? बायाबाई म्हणाली, कोणी नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. हे उत्तर ऐकायची त्यांना सवय नसावी.

इंजेक्शनं सुरू झाली. शकुन सहा दिवस उताणी पडून राहिली, कुशीवर होतानासुद्धा नर्सला विचारून. बायाबाई बाहेर पायरीवर बसून भेटायला येणाऱ्या प्रत्येक अनुभवी बाईला परत पाठवत होती. पुऱ्यात अनुभवी बाया पुष्कळ होत्या. सहाव्या दिवशी कळा आल्या आणि मुलगी झाली, वजनाला जेमतेम चार पौंड, आवाज खारीचा. पण तो आवाज थांबेना. शकुनला ताप आला नाही.

दीड महिन्याने बारसं झालं. ज्या सुईणीच्या हातावर मूल जन्मतं तिला लुगडं नेसवायची पुऱ्याची रीत. हे मूल तर नर्सच्या हातावर जन्मलेलं. बाया पाहत राहिल्या आणि यशोदाबाईने नवं हिरवं लुगडं, वर नारळ ठेवून, बायाबाईच्या ओटीत घातलं.

बायाबाई गडबडली. "मी तं हातच नाई लावला व यशोदे."

"मंग?" यशोदाबाई म्हणाली. "त्याचंच तं देऊन राहिली."