फाटकाजवळचा डबा

"मागच्या सीटवर नको, पुढे ठेवा. आणि बेल्ट लावा त्याला," वीणा म्हणाली.

"डब्याला बेल्ट?"

"शंकरपाळे आहेत अहो त्यात. राउंडअबाउटला घसरला की नुसता भुगा!"

शशी हेर्लेकरने निमूटपणे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला सीट बेल्ट लावला. लग्नाला पस्तीस वर्षं झालेला माणूस अशा वेळी वाद घालत नाही. सायकल गाडीच्या मागे अडकवून झाली होती. २००८ सालच्या एप्रिलमधला शनिवार होता, आणि लंडनच्या कडेला असलेल्या पिनरमधले शेजारी अजून अंथरुणातच होते.

"आज तरी नीट बोला," वीणा खिडकीशी वाकून म्हणाली. "नाहीतर वेदरवर बोलून परत याल. थँक्यू म्हणा. क्लिअरली."

"म्हणेन गं."

"सोमवारी नेणार आहेत त्यांना. मग राहून जाईल."

गुरुवारी मिसेस हॉबलींच्या मुलीचा, हेलनचा, फोन आला होता. आई आता एकटी राहू शकत नाही, हिवाळ्यात एकदमच विसरायला लागली, माझ्या घराजवळच्या केअर होममध्ये तिला नेते आहे; भेटायचं असेल तर शनिवारी या. थंडीत शशीची सायकल गॅरेजमध्ये असे, त्यामुळे पाच महिने तो तिकडे फिरकलाच नव्हता. फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचाच राग आला.

या बाईंनी त्याच्यासाठी केलं तरी काय, ते आधी सांगायला हवं. शशी मूळचा मिरजेचा. लंडनच्या एका हॉस्पिटलात तीस वर्षं प्लास्टर रूममध्ये टेक्निशियन. लोकांचे मोडलेले हातपाय बांधायचे, सहा आठवड्यांनी सोडवायचे आणि "घाबरू नका, टाका पाऊल" म्हणून धीर द्यायचा, यात त्याचा हातखंडा. पण २००० साली त्याची स्वतःची बायपास झाली आणि हा शहाणा घरात जो बसला तो बसलाच. जिना चढायची भीती, भाजीची पिशवी उचलायची भीती. लोका सांगे ब्रह्मज्ञान! डॉक्टर सांगून थकले. शेवटी वीणाने एक जुनी सायकल विकत घेतली आणि गाडीने तासाभरावरच्या एका सायकलवाटेवर नवऱ्याला आणून सोडलं.

ही वाट म्हणजे पूर्वीचा रेल्वेचा फाटा. साठच्या दशकात गाड्या बंद पडल्या, रूळ उचलून नेले, आणि पुढे बारीक खडी दाबून तिथे सायकलवाल्यांसाठी रस्ता केला. दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं आणि मेंढ्या. पहिल्याच दिवशी मैलभरात शशीची छाती धडधडायला लागली. संपलं आता, असं समजून तो जुन्या रेल्वे फाटकाजवळच्या एका घरापुढे मटकन बसला.

घरातून सत्तरीची एक बाई बाहेर आली. तिने पाणी दिलं, त्याचा चेहरा निरखला आणि थोड्या वेळाने विचारलं, "दुखतंय, की घाबरलात?"

"घाबरलोय," शशी म्हणाला. इतकं सरळ त्याने वीणापाशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

"मग ऐका. इंजिनाला चढ सोसत नाही. म्हणून या वाटेवर चढ ठेवलेलाच नाही. माझ्या नवऱ्याने, बर्टने, वीस वर्षं हे फाटक उघडलंय, मला माहीत आहे. पहिल्या पुलापर्यंत जा आणि चहाला परत या."

तो गेला आणि परत आला. पुढच्या शनिवारी दुसऱ्या पुलापर्यंत, मग तिसऱ्या. एकूण सात पूल. सातवा पूल गाठून तो आला तेव्हा ऑक्टोबर लागला होता. मिसेस हॉबली एवढंच म्हणाल्या, "उशीर केलात. चहा गार झाला."

डबा पहिल्याच दिवशीचा. त्यातून त्यांनी मनुका घातलेले, घरी भाजलेले रॉक केक दिले होते. "रिकामा कसा परत करायचा?" म्हणून वीणाने त्यात शंकरपाळे भरून पाठवले. आमच्यात कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, असं शशीने सांगितल्यावर मिसेस हॉबली म्हणाल्या, "शहाणी माणसं आहात." आणि पुढच्या खेपेला डबा पुन्हा भरून हातात ठेवला. तेव्हापासून तो आठ वर्षं ये-जा करत होता. तिकडून जाम, बागेतले प्लम. इकडून चकल्या, चिवडा. या देवाणघेवाणीत थँक्यू तेवढं राहून गेलं. बसमधून उतरताना ड्रायव्हरला न चुकता थँक्यू म्हणणारा शशी इथे गप्प बसे. मिरजेच्या घरात आपल्या माणसाचे आभार मानले की ते माणूस रुसायचं, त्याला तो तरी काय करणार?

आज खडीवर चाकं करकरत होती आणि शशी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. फाटकापाशी हेलन गाडीत खोकी भरत होती. "जा आत," ती म्हणाली. "पण ओळखलं नाही, तर वाईट वाटून घेऊ नका."

मिसेस हॉबली स्वयंपाकघरात बसल्या होत्या. शशीचं पिवळं जाकीट पाहताच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आलात एकदाचे! महिना झाला हा नळ गळतोय."

शशी दारातच थबकला. हातातला डबा त्याने टेबलावर ठेवला. मी शशी, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि मग त्याला वाटलं, कशाला? नळ तर खरंच गळत होता.

"बघतो," तो म्हणाला.

सिंकखालचा कॉक बंद करून त्याने सायकलच्या हत्यारांतून पाना काढला. वायसर झिजला होता. पंक्चरच्या किटमध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा होता, त्यातून त्याने कात्रीने नवा कापला. प्लास्टर कापून कापून हात सरावलेला होता. पाठ बाईंकडे होती म्हणून असेल, पण जुळवलेली वाक्यं आपोआप तोंडात आली.

"मी एकदा फार आजारी होतो. बरा झालो तरी बरं वाटत नव्हतं. नुसता घरात बसून होतो. इथे एक बाई राहायच्या, त्यांनी मला उठवलं. दर शनिवारी एक पूल पुढे पाठवायच्या. त्या नसत्या तर मी आज कुठे असतो, माहीत नाही. मला त्यांचे आभार मानायचे होते. कधी मानलेच नाहीत."

मिसेस हॉबलींनी सगळं लक्ष देऊन ऐकलं.

"बरीच हुकूम सोडणारी दिसते बाई."

"होत्या थोड्या," शशी म्हणाला.

"पण तुम्ही शेवटपर्यंत गेलात ना?"

"गेलो. सातही पूल."

"मग तिला कळलं असेल की," त्या म्हणाल्या, आणि थेंब पडतोय का ते पाहायला उठल्या. पडत नव्हता. त्यांनी शशीचा हात दोन्ही हातांत धरला. "थँक्यू. तुम्ही फार भले आहात. इथवर यायचे कष्ट कुणी घेत नाही हल्ली."

जे द्यायला म्हणून तो आला होता, ते त्या त्यालाच देत होत्या. तो कसाबसा हसला आणि वळला.

"थांबा!"

त्यांनी टेबलावरचा डबा उघडला, शंकरपाळे एका वाडग्यात ओतले, रिकामा डबा पुसला. मग इकडे तिकडे पाहत राहिल्या. फडताळं आवरून झाली होती, आत काहीच नव्हतं. दारामागे कपड्यांच्या चिमट्यांची पिशवी तेवढी लटकत होती. त्यांनी त्यातले मूठमूठ लाकडी चिमटे काढून डब्यात भरले, झाकण दाबून बसवलं आणि डबा शशीच्या हातात दिला.

"असा रिकामा द्यायचा नसतो," त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या. "शहाणी माणसं देत नाहीत."

खोकं उचलायला आत आलेली हेलन ओशाळली. "सॉरी, आईला हल्ली कळत नाही. द्या, मी काढून घेते."

"नको," शशीने डबा छातीशी धरला. "बरोबर दिलंय त्यांनी."

परतताना पावसाने गाठलं, तो भिजूनच गाडीपाशी पोचला. घरी येताच त्याने वीणाला सगळं सांगितलं, अगदी स्वतः पुलावर थांबून रडला तेसुद्धा. वीणाने झाकण उघडलं. पाऊसपाण्याने काळपट झालेल्या चिमट्यांवरून तिने एकदा हात फिरवला. मग चिमटे ओट्यावर काढले, डबा धुतला आणि खिडकीत पालथा घातला.

"त्या केअर होमचा ॲड्रेस घेतलात का?"

"नाही गं. राहिलाच."

"मग हेलनला फोन करा. आता आपली पाळी आहे."

रविवारी ऊन पडलं. शशीने ओलं पिवळं जाकीट मागच्या अंगणातल्या दोरीवर टाकलं आणि दोन्ही खांद्यांना एकेक लाकडी चिमटा लावला. वाऱ्याने जाकीट फुगलं, बाह्या हलल्या. चिमटे जुने होते, पण पकड घट्ट होती.