उसंतीचा नियम

उसंतीचे फासे पुठ्ठ्याच्या आड गडगडले आणि त्यांच्याकडे बघायच्या आधीच ताई म्हणाली, "वाचलास."

"बघ तरी आधी," भाऊ म्हणाला.

तिने बघितलं. "वाचलास म्हटलं ना. दोरी तुटली, पण हात कपारीत अडकला. चल पुढे."

पुढे कोणी गेलं नाही. ताईच्या चष्म्यांच्या दुकानामागे डोळे तपासायची खोली होती. सुट्टीच्या दुपारी तिथलं टेबल मधे ओढून, भिंतीवरच्या लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांखाली चौघं खेळायला बसत. खेळ ताईचाच, तिने स्वतः रचलेला. खचत चाललेला बोगदा, त्यात अडकलेली माणसं. प्रत्येकाने एक माणूस घ्यायचा आणि तो काय करतो ते बोलून सांगायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवणार. पुढे बोगद्यात काय आहे, ते ताई सांगणार.

भाऊ तिच्याहून धाकटा, वायरमन. शेजारी त्याची बायको. समोर पलीकडच्या दवाखान्यातला दातांचा डॉक्टर, ज्याला तोंडावरसुद्धा सगळे कवळी म्हणत.

पहिल्यांदा रचला तेव्हा या खेळात कोणी मरत नव्हतं. लोक विरंगुळ्याला येतात, त्यांना कशाला रडवा, असं ताईला वाटलेलं. भावाने पहिल्याच दुपारी जांभई दिली होती. "कोणी मरणारच नसेल तर मी सावध कशाला राहू? त्यापेक्षा घरी जाऊन झोपतो." ताई चांगली आठवडाभर रुसली, मग सगळे नियम फाडून नव्याने लिहायला बसली. फासे टेबलावर, सगळ्यांदेखत. तिसरी जखम झाली की माणूस गेला, रदबदली नाही. त्यानंतर खेळाला धार आली. फासे पडताना टेबलाभोवती श्वास अडकायला लागले. असा नियम कसा लिहायचा, हे ताईला कोणी न शिकवता कळलं ते तेव्हा.

पुठ्ठा मात्र हल्लीचा. फ्रेमच्या खोक्याचा, फासे झाकण्यापुरता उभा केलेला. "गंमत वाढते," असं ती म्हणाली होती. त्याच सुमारास उसंतीचा नियम आला. तिसरी जखम झाली की माणसाला एक उसंत, म्हणजे आणखी एकदा फासे. मोठे पडले तर जगला. नियम सगळ्यांना लागू.

त्याच्या थोडंच आधी मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरने, भाऊ आत बुटाचे बंद बांधत असताना, ताईला आणि भावजयीला व्हरांड्यात गाठलं होतं. भावाला दोघींनी घरी येऊन सांगितलं की आतड्याला सूज आहे, औषधाने उतरेल. कवळीला खरं सांगणं भाग होतं, कारण भाऊ त्याला खोदून खोदून विचारणार. दातांचा का होईना, घरोब्यातला डॉक्टर तोच.

"काय गं ताई," भाऊ म्हणाला, "कवळी विहिरीत पडला तेव्हा कुठे गेली होती ही उसंत?"

कवळीचा माणूस मागच्या खेपेला बोगद्यातल्या विहिरीत पडून मेला होता. तिसरी जखम झाली, सगळे हळहळले आणि चहाला उठले. तेव्हापासून कवळी बिनमाणसाचा, नुसते सल्ले देत बसलेला.

"मीच विसरलो रे," कवळी म्हणाला. "माझं मरण, मला विसरायचा हक्क नाही का?"

"तू विसरशील. कुठला दात काढायचा तेही विसरतोस तू. पण नियम हिने लिहिलाय. ही कशी विसरली?"

"एकदाच झालं ते. आणि तो दातही किडलेलाच होता."

कोणी हसलं नाही. भावजय रिकामे कप गोळा करायला लागली. त्यातला एक भरलेला होता. "खेळा ना आता," ती म्हणाली. "किती कीस काढायचा एका गोष्टीचा."

भाऊ खुर्चीत मागे टेकला. हल्ली शर्टाची कॉलर त्याच्या मानेला कुठेच टेकत नसे.

"लहानपणी ही मला मैत्रिणींच्यात पकडापकडी खेळायला घ्यायची," तो बायकोला म्हणाला, जणू तिने हे कधी ऐकलंच नव्हतं. "मला कोणी पकडायचंच नाही. वाटायचं, काय चपळ आहोत आपण. छाती काढून हिंडायचो. मग एकीने सांगितलं, अरे, तू कच्चं लिंबू आहेस. तुझ्यावर राज्य देतच नाही आम्ही."

"केवढा रडला होतास," ताई म्हणाली.

"राज्य आलं असतं तर रडलो नसतो."

त्याने तिघांकडे एकेक करून पाहिलं.

"मला कच्चं लिंबू कधीपासून केलंत?"

ताईने पुठ्ठ्याची कड सरळ केली. ती सरळच होती. खेळात कोणी कसलीही शंका काढो, तिचं उत्तर तयार असे. कवळी विहिरीत पडला तेव्हा तिने फक्त उसंतीची आठवण करून द्यायची होती. एक वाक्य. पण तिचं सगळं लक्ष भावाच्या माणसाकडे होतं, पुढच्या पाळीला त्याला कसं वाचवायचं याकडे.

"ताई." त्याचा आवाज चढलेला नव्हता. "किती पाळ्या राहिल्यात?"

तिने भावजयीकडे पाहिलं. भावजयीने कप खाली ठेवले, एकात एक, नीट.

"ही थंडी निघेल म्हणाले डॉक्टर," भावजय म्हणाली. "पुढचं नाही सांगत."

भावाने मान हलवली, कुठल्या बटणापाशी ठिणगी उडते ते गिऱ्हाईक सांगत असताना हलवायचा तशी. टेबलाची कड त्याने दोन्ही हातांनी धरली होती. बऱ्याच वेळाने एक हात सुटला आणि त्याने पुठ्ठा आडवा केला.

फासे पडले तसेच होते. सहा आणि पाच.

"अरे," तो म्हणाला. "हे तर खरंच होतं."

"खरंच होतं," ताई म्हणाली. तिचा तिलाच विश्वास बसत नसल्यासारखी ती फाशांकडे बघत राहिली.

"मग कवळी, तुझा नवा माणूस आण आत. माझा आहे तोवर त्याला बोगदा दाखवून ठेवतो. नाव काय त्याचं?"

"ठरवलं नाही अजून," कवळी म्हणाला.

"ठरव सावकाश. घाई नाही," भाऊ म्हणाला. मग जरा थांबून, "म्हणजे, थोडी आहे."

आधी हसली ती भावजय. मग तिला ते थांबवता येईना, आणि कवळी मान खाली घालून नाव शोधत राहिला.