तेराव्या दिवसाची शाई

गेनबाची आई मथुराबाई बाराव्या दिवशी पहाटे वारली.

नाही, वारली नाही. बाराव्या दिवसापुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे : ‘गेनबाचे घरी सर्व कुशल, माणसे सुखरूप.’ सरकारी कागदावर जो सुखरूप आहे, त्यानं मरणं म्हणजे उद्धटपणाच.

मी माधव. राहणार सदाशिव पेठ, कचेरीतला सगळ्यात धाकटा कारकून. पौषात कोथरूड आणि वारजे या दोन गावांचा ओढ्याकाठच्या एका शेतावरून तंटा लागला. शेत वारज्याच्या तुळजाबाईचं. तिचा नवरा मोहिमेवर गेला तो परत आला नाही, आणि तेव्हापासून कोथरूडची शीव दरसाल हातभर तिच्या शेतात सरकत होती. कोथरूडचे संभाजी पाटील म्हणायचे, “शीव आपसूक सरकती. आमी काय धरून बसायची का तिला?” कागद कुणाकडेच नव्हता, म्हणून कचेरीनं शिवेचं दिव्य फर्मावलं.

दिव्य सोपं असतं. गावातला एक सच्चा माणूस आंघोळ करून, ओलेत्यानं, डोक्यावर त्या शेतातलं ढेकूळ घेऊन चालतो. तो चालेल ती शीव. मग चौदा दिवस त्याच्या घरावर नजर ठेवायची. घरात मरण आलं, आग लागली, तर माणूस खोटा चालला. काहीच झालं नाही, तर खरा. निकाल देव देतो. टिपून घ्यायला कारकून लागतो.

कोथरूडनं गेनबाला उभं केलं. साठीचा माणूस, जन्मात खोटं बोललेला नाही. पाटलांनी त्याचा खरेपणा इतकी वर्षं जपून ठेवला होता, एकदाच वापरायचा म्हणून. गेनबा ओढा सोडून सरळ तुळजाबाईच्या हरभऱ्यातून चालत गेला. चालताना खाली बघत होता. आम्हाला वाटलं, पायात काटे मोडतील म्हणून.

मी गेनबाच्याच ओसरीवर मुक्काम ठोकला. पहिल्याच संध्याकाळी बोरू छान तासलेला होता, शाईही जमून आली होती, तेव्हा मी चौदाही दिवसांपुढे ‘सर्व कुशल’ लिहून टाकलं. देव काही करणार नाही असा माझा भरवसा होता. आजवर कुठं काय केलं होतं त्यानं?

तिसऱ्या दिवशी बैल मेला. पाटील म्हणाले, “गोठ्यात मेला. घरात कुटं मेला?” सातव्या दिवशी कडब्याची गंज पेटली. पाटील म्हणाले, “गंज बाहेर हाय. आन् थंडीचे दिस. चार लोक शेकले की!” मला हसू आलं. मी पाटलांना म्हटलंसुद्धा, तुम्ही कचेरीत यायला हवे होतात.

बाराव्या दिवशी पहाटे गेनबा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. डोकं भादरलेलं.

“पंत, आई गेली. मी खोटा चाललो. ल्ह्या.”

तेवढ्यात पाटील आले. त्यांनी आत डोकावून पाहिलं, बाहेर आले आणि स्वतःचं पागोटं काढून गेनबाच्या डोक्यावर ठेवलं. “गेनबा, आई गेली न्हाय.”

“पाटील, गार पडलीया.”

“परवा सांजंला जाईल. तवर दम धर. अख्ख्या गावाचा सवाल हाय.”

गेनबानं माझ्याकडं पाहिलं. मी कागदाकडं. खाडाखोड केली तर बारावाच नव्हे, सगळे दिवस खोटे ठरणार, आणि कचेरीत मीही. मी म्हणालो, “परवापर्यंत थांबलेलं बरं, गेनबा.” हे वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज गेलं, की मी मागं वळून बघितलं, कोण बोललं म्हणून.

म्हातारीला घोंगडी पांघरवून ओसरीच्या उन्हात, खांबाला टेकवून बसवलं. गाव येता-जाता विचारू लागलं, “काय काकू, ऊन खाताय व्हय?” दुपारपर्यंत एक बाई खरोखरच रागावली. “येवढं इचारतेय, तर हूं न्हाय की चूं न्हाय! लेकानं दिव्य केलं, तर म्हातारीला गर्व झालाय.” दुसरीनं भाकरी आणून पुढ्यात ठेवली. माश्या मात्र कुणाचंच ऐकेनात.

तेराव्या दिवशी दुपारी तुळजाबाई आली. बघून जाण्याचा हक्क दुसऱ्या बाजूला असतोच. तिनं वाकून म्हातारीच्या पायांना हात लावला, आणि तो तसाच राहिला.

“अक्का गार हाय.”

“थंडी किती हाय बघ की,” पाटील म्हणाले.

“पंत, तुमी सांगा. कागदात काय हाय?”

मी कागद उलगडला आणि स्वच्छ आवाजात वाचलं, “दिवस तेरावा. सर्व कुशल.”

तुळजाबाईला अक्षर येत नाही. तिनं नुसतं बोट फिरवलं. “तेरावा दिस तर अजून मावळायचा हाय, पंत. आन् शाई वाळली बी?”

मी म्हणालो, “थंडीत लवकर वाळते.”

कुणी हसलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या बोलण्यावर कुणी हसलं नाही, आणि मला कळलं की यात विनोद एवढाच होता : मी.

तुळजाबाई गेनबाकडं वळली. “दादा, शेत नेलं तर नेलं. पर आईला जाळ.”

“उद्या सांजंला!” पाटील ओरडले.

गेनबानं पागोटं काढून पाटलांच्या हातात दिलं. “ऐका रं. ती शीव न्हाय. मी खोटा चाललो.”

“दुःखानं बरळतोय,” पाटील म्हणाले.

“कसलं दुःख?” काल रागावलेली बाई म्हणाली. “म्हातारी तर जिती हाय.”

गेनबानं आईला खांद्यावर घेतलं आणि तो ओढ्याकडं चालू लागला. मदत कुणी केली नाही. केली असती तर मरण कबूल झालं असतं. आडवंही कुणी गेलं नाही. जित्या आईला खांद्यावर घेणाऱ्या लेकाला अडवायचं काय म्हणून? तुळजाबाईनं आपल्या शेताचं कुंपण मोडलं आणि त्याची लाकडं रचली. सगळं गाव त्या धुराकडं पाठ करून उभं होतं. मी गावाबरोबर.

चौदावा दिवस कुशल गेला. शेत कोथरूडला मिळालं.

कचेरीत मी श्रीनिवासपंतांना, म्हणजे आमच्या वरिष्ठांना, सगळं सांगितलं. आधी लिहिल्याचंही. त्यांनी पानाला चुना लावता लावता ऐकलं.

“म्हणजे आपण खोटं लिहिता?”

“होय.”

“मग आत्ता खरं बोलताय हे आम्ही कशावरून धरावं? कागदावर शिक्का झालाय. जेवून घ्या. आणि हो, पुढच्या महिन्यात दुसरं दिव्य आहे, आपणच जा. आपलं अक्षर चांगलं आहे.”

मी जेवलो नाही. दुसरा कागद घेतला आणि एकाच दिवसाचं, त्याच दिवशी लिहिलं :

सेवक माधव, कारकून, याची विनंती ऐसीजे. ओढ्याकाठची शीव फिरोन चालवावी. या खेपेस ढेकूळ गेनबाचे डोकीवर न देता सेवक, श्रीनिवासपंत व संभाजी पाटील या तिघांचे डोकीवर द्यावे. तिघांचे घरांवर चौदा दिवस नजर ठेवण्यास तुळजाबाई, मौजे वारजे, यांची नेमणूक व्हावी. त्यांस लिहिता येत नाही, सबब त्या तोंडी सांगतील तेच दफ्तरी दाखल करावे, आणि एक दिवस मावळल्याखेरीज दुसरा लिहू नये, अशी सक्त ताकीद कचेरीस द्यावी. मर्जी असावी, हे विनंती.