डावीकडचा धबधबा

प्लंबरला जेवायला बोलवायचं असेल तर ओळखीचे लोक स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाला आधी चिंधी बांधून ठेवायचे. नाहीतर हा माणूस पहिल्या घासालाच उठायचा. टपटप ऐकू आली की त्याच्या घशाखाली अन्न उतरत नसे. लग्नाला जाताना आहेर विसरेल, पण पिशवीतला पाना विसरणार नाही, असं त्याची बायको सांगायची आणि ते खरंच होतं.

तिचं नेमकं उलटं. तिला पाण्याचा आवाज आवडायचा. दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांत तिच्या खाटेजवळचं बेसिन ठिबकत होतं. त्याने नवा वायसर घालून ते बंद केलं आणि शाबासकीच्या आशेने तिच्याकडे बघितलं.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "आता मला झोप कशी लागायची?"

ती गेल्यापासून घरात सगळे नळ घट्ट बंद होते, आणि झोप आता त्यालाही लागत नव्हती.

एक गोष्ट त्याला आतून कुरतडत होती. लग्न झाल्यापासून ती मागे लागली होती, जंगलातल्या धबधब्याला चला म्हणून. तो म्हणायचा, "पाणी वरून खालीच पडणार ना? ते मी रोज बघतो." शेवटी एकदा भर पावसात ती धाकट्या बहिणीबरोबर गेली. ओलीचिंब होऊन हसत परत आली. मग दरवर्षी त्या दोघी जाऊ लागल्या, पण त्याला तिने पुन्हा कधी 'चला' म्हटलं नाही. भांडली असती तर बरं होतं. भांडण मिटवता येतं. ही गप्पच झाली. आपण तिचं मन मोडलं, असं त्याने धरून ठेवलं होतं. आता माफी मागायची तर माणूस उरलं नव्हतं. निदान ती जागा तरी बघून यावी, म्हणून यंदा मेहुणीने नुसतं विचारलं आणि तो बूट घालून तयार झाला.

पाऊस सकाळपासून लागून होता. पायवाटेवर गळलेल्या पानांचा चिखल झाला होता. मेहुणी पुढे, मध्ये साडू, मागे प्लंबर. साडू लोकांना गाडी शिकवायचा. बायको घसरली की त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा.

"हळू घे. वळण आहे."

"मला दिसतंय वळण."

"दिसतंय सगळ्यांनाच. नंतर म्हणतात, दिसलं नाही."

दोन वाटा फुटल्या तिथे पाटी होती. धबधब्याचा बाण उजवीकडे होता. मेहुणी डावीकडे वळली.

"अगं, पाटी काय सांगते?" साडू थांबला.

"पाटी लावणारा कधी आला होता का माझ्याबरोबर? ताई आणि मी दरवर्षी इकडूनच जायचो."

"आणि चुकलं तर?"

"तुमच्याशी लग्न केलं तेव्हा कुठे पाटी होती? चला मुकाट्याने."

साडूने आशेने प्लंबरकडे बघितलं. प्लंबर डावीकडे वळला. त्याला धबधबा बघायचाच नव्हता. त्याला ती जिथे उभी राहिली ती जागा बघायची होती.

वाटेत त्यांनी तीन-चार ओढे ओलांडले. पावसाने सगळेच गढूळ झाले होते. मग झाडी दाट झाली, आवाज आला, आणि मेहुणीने छत्री मिटून टाकली. "हेच! भाऊजी, हेच ते!"

कातळाच्या कपारीतून पाणी जोरात बाहेर पडत होतं आणि खाली दगडावर आपटून उडत होतं. भोवती शेवाळ, नेचे, वेली. जागा सुंदर होती, यात शंका नाही. साडूसुद्धा "वा" म्हणाला आणि फोन काढून फोटो घेऊ लागला.

प्लंबर बघत राहिला. पाणी गोल पडत होतं. खांबासारखं. डोंगरावरचं पाणी पसरतं, फाटतं, वाट बदलतं. हे एका मापाचं होतं. आणि आजूबाजूचे ओढे गढूळ असताना हे मात्र काचेसारखं स्वच्छ.

"पिऊन बघा," मेहुणी म्हणाली. "ताई बाटली भरून घ्यायची. म्हणायची, घरच्यासारखी चव आहे."

त्याने ओंजळ भरून घोट घेतला. चव घरच्यासारखीच होती. वासही. शहराच्या पाण्यात जे औषध टाकतात, त्याचा.

"अमृत," साडू म्हणाला आणि दुसरी ओंजळ प्यायला.

कातळाच्या बाजूने चढून प्लंबर नेच्यांच्या मागे गेला. वेली बाजूला केल्या. आत लोखंडी पाइप होता, वीतभर जाड, टेकडीवरच्या टाकीतून शहराकडे जाणाऱ्या मोठ्या लाइनीचा फाटा. लाइन धुवायची असली की उघडायचा आणि मग बंद करायचा. उघडणाऱ्याने उघडला होता. बंद करायचं राहून गेलं होतं, ते वर्षानुवर्षं. पाइपावर गंजकं चाक होतं.

त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ते राहत होते त्या भागात नळाला पाणी बारीक यायचं. सगळी आळी त्याला बोलायची. वरच्या मजल्यावरच्या बाई तर रोज टोमणा मारायच्या, "प्लंबरच्या शेजारी राहून आमची ही दशा!" त्याने इमारतीतला एकेक सांधा तपासला, पाणीखात्यात खेटे घातले, दोष काही सापडला नाही. तो वैतागून घरी आला की बायको त्या बारीक धारेखाली भांडं धरून म्हणायची, "येईल हो. वाटेत कुठेतरी रमलं असेल."

त्याचा हात पिशवीत गेला. पाना चाकाच्या दांड्यात बरोबर बसला. दोन-चार हिसके, आणि कित्येक वर्षांचा घोळ मिटला असता.

"भाऊजी, कुठे शिरलात? घसराल!" खालून मेहुणी ओरडली.

"आलोच!"

"ऐका ना, एक गंमत सांगते!" पाण्याच्या वर आवाज चढवून ती बोलत होती. "पहिल्यांदा आलो ना, तेव्हा ताईसुद्धा तिथेच शिरली होती, आणि हसत बाहेर आली! मी म्हटलं, पुढच्या वेळी भाऊजींना आणू. तर म्हणाली, अजिबात नाही! हे आले तर बंद करून टाकतील!"

प्लंबरचा हात थांबला.

"मी म्हटलं, ताई, धबधबा कुणाला बंद करता येतो का? तर म्हणे, तुला माहीत नाही, ह्यांना येतो!"

तो ओल्या दगडावर बसला. म्हणजे ती गप्प झाली ती मन मोडलं म्हणून नव्हे. नवऱ्याचा हात तिला पक्का ठाऊक होता. त्या हातापासून तिने हे पाणी लपवून ठेवलं होतं, आणि लपवताना बारीक धारेखाली रोज स्वतःच भांडी घासली होती. तो हसायला लागला. खांदे हलेपर्यंत हसला. चेहरा ओला झाला, पण पाऊस होताच.

साडूने नेच्यांमधून वाकून पाहिलं आणि घाईने मागे सरला. "रडताहेत गं ते."

"रडू द्या," मेहुणी हळव्या आवाजात म्हणाली. "मोकळे होतील."

बऱ्याच वेळाने प्लंबर उठला. पाना त्याने पुन्हा चाकात बसवला आणि जोर लावून अर्धा फेरा दिला. उघडायच्या बाजूला.

"अहो, बघा!" मेहुणी टाळ्या वाजवत ओरडली. "वाढला! किती वाढला!"

"वर कुठेतरी जोराचा पाऊस झाला असणार," साडूने जाणकारासारखं सांगितलं.

"असणार," नेच्यांतून बाहेर येत प्लंबर म्हणाला. पाना पिशवीत होता.

संध्याकाळी तो घरी पोचून ओले बूट काढतो न काढतो तोच वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. "अहो प्लंबर, तुम्ही फिरायला जा! इथे आज नळाला करंगळीएवढीसुद्धा धार नाही! पाणी गेलं कुठे?"

"येईल हो," तो म्हणाला. "वाटेत कुठेतरी रमलं असेल."

मग आत जाऊन त्याने स्वयंपाकघरातला नळ थोडासा सैल केला, आणि टपटप ऐकत आडवा झाला.