काचेवरचा बेंजो

डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट.

एवढंच गेलं. गेलं म्हणजे आहे. दिसतं, वाकतं, नखं वाढतात. चहाचा गरम पेला धरला की बाकीच्या बोटांना चटका बसतो, या दोघांना नाही. पारोळा रस्त्यावर मोटारसायकल घसरली, कोपर आपटलं, आतली शीर दबली. डॉक्टर म्हणाले, वाट पाहा. पाहून झाली.

प्रेमराज धुळ्यात देवपुरात राहतो. दिवसा ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरमागे उभा असतो. लग्नसराईत वना मास्तरच्या बँडमध्ये बेंजो वाजवतो. दुकानात तो कोणीही असतो. बँडमध्ये तो बेंजोवाला असतो. हे दुसरं राहतं की जातं, एवढंच या गोष्टीत आहे. ज्याला एवढंसं पुरत नसेल त्याने इथेच थांबावं.

बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या, डाव्या हाताने बटणं दाबायची. बटण खाली गेलं की नाही हे बोटाला कळतं. बोटाला कळत नसेल तर डोळ्यांनी पाहावं लागतं, आणि पाहीपर्यंत गाणं पुढे निघून जातं.

एका हळदीत ते तसं निघून गेलं. परतताना वना मास्तरने फक्त विचारलं, "हात कसा शे?"

"बरा आहे."

"हूं," वना म्हणाला.

त्या हूंनंतर प्रेमराजला दोन रविवार निरोप आला नाही.

*

दिपमाला, त्याची बायको, घरी मुलांची शिकवणी घेते. लॉकडाउनमध्ये त्यासाठी घेतलेला टॅब कपाटात साड्यांखाली पडून होता. तिनेच तो काढला, पुसला, त्यात गाणी बनवायचं एक अ‍ॅप टाकलं आणि त्याच्यापुढे ठेवला.

"यात बेंजो आहे?"

"पेटी आहे, गिटार आहे, पंधरा जातींचे ड्रम आहेत."

"बेंजो?"

"तो तुमचा तुम्ही बनवा. आवाज भरता येतो त्यात. नाही तरी सकाळपासून भिंतीकडेच बघताय."

त्याने बेंजो मांडीवर घेतला. चांगल्या बोटाने एक बटण दाबलं, तार छेडली, टॅबने तो सूर ठेवून घेतला. मग पुढचं बटण. मग पुढचं. एका निषादात शेजारच्या कुकरची शिट्टी आली, तो पुन्हा घेतला. दुपारपर्यंत सगळा बेंजो सुटा होऊन काचेखाली गेला.

काचेवर चौकोनांच्या ओळी असतात. चौकोनावर बोट ठेवलं की तिथे सूर. पुन्हा ठेवलं की सूर नाही.

बेंजो : ■ ■ □ ■ □ ■ ■ □

काचेला खाली जायचं नसतं, वर यायचं नसतं. तिथे कोणतंही बोट चालतं. तिथे सगळ्यांचीच बोटं सारखी.

संध्याकाळी त्याने ऐकवलं. जागा तीच, खटका तोच. एकही बटण चुकलं नव्हतं. दिपमालाने भाजी चिरता चिरता ऐकलं.

"तुम्हीच आहात," ती म्हणाली.

"मीच आहे."

"छान झालं मग. फायदाच फायदा. तोटा काय?"

तो विचार करत राहिला. "चार्जिंग," म्हणाला.

त्याला आनंद झाला का? झाला असावा. तो रात्री लवकर झोपला.

*

वना मास्तर घरी आला, डोळे मिटून ऐकलं. मग एक डोळा उघडून विचारलं, "ढोलकी कोनी?"

"यातलीच आहे."

"चिंधानी नई?"

"नाही."

ढोलकी : ■ □ □ ■ □ □ ■ □

चिंधा बँडचा ढोलकीवाला. वनाने गाणं पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी दोन्ही डोळे उघडे होते आणि ते कसला तरी हिशेब करत होते. "तू ये परत," तो म्हणाला. "गाडीत बसायचं, हे मांडीवर घ्यायचं. पण मंग मी चिंधाले कसाले नेऊ?"

हा प्रश्न आपल्याला विचारलेला नाही असं प्रेमराजने धरलं. दिपमालाने चहा आणला. चहा झाला.

चिंधा त्या आठवड्यात दुकानात आला. गळ्यात ढोलकी नसली की चिंधा बारीक दिसतो. काही घ्यायचं नव्हतं. त्याने काउंटरवरचा एक बेल्ट उचलला, ताणून पाहिला, खाली ठेवला.

"काय भो, तुझी ढोलकी चहा पीत नाही म्हणे."

"नाही."

"बिडी?"

"नाही."

"नवरदेवाच्या काकाशी भांडत पण नसेल."

"नाही रे."

"मग लग्नात करते काय ती बिचारी?" चिंधा हसला. प्रेमराजही हसला. मग गिऱ्हाईक आलं, ऑइल फिल्टर मागायला.

इथे प्रेमराजला वाईट वाटलं असं लिहायला हवं. लिहून पाहिलं. बसत नाही. त्याने फिल्टर दिला, झाकण घट्ट बसवा म्हणून सांगितलं.

*

मे महिना. लग्न भडगावात. ऊन उतरल्यावर नवरदेव मारुतीला निघाला. पुढे नाचणारी पोरं, मग बँडची गाडी, मागे घोडा. गाडीत, दोन मोठ्या स्पीकरांच्या मधल्या खोबणीत प्रेमराज. मांडीवर टॅब. चिंधाला या वेळी आणलं नव्हतं. बाहेरचं त्याला दिसत होतं ते एवढंच: डावीकडे स्पीकरची जाळी, उजवीकडे स्पीकरची जाळी, वर पट्टीभर आभाळ. वना मास्तर माइक खांद्यावर टाकून नवरदेवाच्या मामाशी बोलत मागे रेंगाळला होता.

पुढचं सगळं एकाच वेळी घडलं, म्हणून एकाखाली एक:

ढोलकी : ■ □ □ ■ □ □ ■ □

बेंजो : ■ ■ □ ■ □ ■ ■ □

प्रेमराज : पडद्यावरून सरकणाऱ्या रेघेकडे बघतो आहे. बेंजो वर चढतो ती जागा आता येईल.

गल्ली : एका दारापुढे सतरंजी. तिच्यावर माणसं, गप्प. कडेला काढलेल्या चपला, पुष्कळ.

ज्या घरातलं माणूस गेलं आहे त्या दारावरून वाजवत जात नाहीत. सतरंजी दिसली की वाद्य बंद. वळणापर्यंत नुसती पावलं, घोड्याच्या टापा, एखादं खोकणं. वळण आलं की पुन्हा सुरू. हे कोणी शिकवत नाही. पुढे चालणारा बघतो, हात वर करतो, मागचे थांबतात. वना मास्तरच्या बँडमध्ये पुढे चालायचा चिंधा. ढोलकीवाला गाडीत बसत नाही.

पोरं नाचत होती, त्यांनी पाहिलं नाही. किंवा पाहिलं आणि वाटलं, बंद करणारा करेल.

सतरंजीवरून एक जण उठला. डोकं नुकतंच भादरलेलं. तो गाडीशी आला आणि पत्र्यावर जोरात थाप मारली.

वरातीत गाडीच्या पत्र्यावर थाप पडते तिचा अर्थ एकच असतो. आवाज वाढव.

प्रेमराजने आवाज वाढवला.

बेंजोची वर चढणारी जागा त्या दारापुढे आली. स्वच्छ आली. एकही बटण चुकलं नव्हतं.

*

मारामारी झाली नाही. वळणावर वना धावत आला, टॅबवर पंजा ठेवला, जे बंद व्हायचं ते झालं. लग्न लागलं, पंगती उठल्या. जेवताना प्रेमराजला वाढप्याने सांगितलं की त्या घरातल्या प्रमिलाबाई गेल्या, धनसिंग आबांची बायको, कालच माती झाली. पत्र्यावर हात मारणारा तो अमृत, थोरला. वाढपी म्हणाला, "भाऊ, कढी घ्या." प्रेमराजने कढी घेतली.

आबांच्याच भावकीत पुढच्या महिन्यात आणखी एक लग्न होतं आणि बँड वनाचाच ठरला होता. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी वना मोटारसायकल घेऊन प्रेमराजच्या दारात.

"तू जाऊन बस त्यांच्याकडे. मी बाहेर थांबतो. मला पाहिलं की त्यांना बँड आठवेल."

"काय सांगू?"

"टॅब हँग झाला. बटण दाबलं, बंदच होईना. मशीन शे, मशीनला काय कळतं. टॅब बरोबर घे, दाखवायला."

"हँग झाला नव्हता."

"त्यांना काय माहीत?" वनाने किक मारली. "माणूस चुकला म्हटलं की लागतं रे. मशीन चुकली म्हटलं की कोणाला लागत नाही. कोणी वाजवतच नव्हतं म्हण. एका परीने खरंच शे ना?"

धुळे ते भडगाव प्रेमराज मागे बसून ते वाक्य जुळवत गेला. टॅब हँग झाला, कोणी वाजवत नव्हतं. सोपं वाक्य होतं. आबा ऐकून घेतील, हो बाबा म्हणतील. पुढच्या लग्नात तो पुन्हा गाडीत बसेल. कोणी वाजवत नव्हतं, तो बसेल. वाक्य कुठेही अडत नव्हतं.

*

सतरंजीवर माणसं कमी झाली होती. बसायला आलेल्याला या म्हणत नाहीत, तसं कोणी म्हटलं नाही. तो बसला. टॅबची पिशवी मांडीवर. धनसिंग आबा भिंतीला टेकून होते, पांढरा टॉवेल खांद्यावर. त्यांची मुलगी नूतन पाण्याचा तांब्या ठेवून गेली. पंखा गरगरत होता.

"बँडवाला शे," अमृत बापाला म्हणाला. मग प्रेमराजकडे वळला. "मी पत्र्यावर हात मारला, तर आवाज वाढला. म्हटलं वा, कान तर चांगले शेत यांचे."

प्रेमराजने पिशवीची गाठ सोडली.

आबांनी मान वर केली. डोळे कोरडे होते, परवापासून काहीच न पाहिल्यासारखे. "गाडीमा कोन वाजाडी राहिंता?" त्यांनी विचारलं. "का नुसती मशीन लायेल व्हती?"

त्यांना दोन्ही उत्तरं चालली असती. निदान आवाजावरून तसं वाटलं.

"मी," प्रेमराज म्हणाला.

अमृत बघत राहिला.

"बेंजो माझाच होता. मी वाजवत होतो. थाप पडली, वाटलं, वाढवायला सांगतायत."

"तुले दिसनं नई?"

"नाही आबा. मी खाली बघत होतो."

आबांनी टॉवेलने तोंड पुसलं. पुसायला तसं काही नव्हतं. "बठ्ठा, सारा गावनी आयकं," ते म्हणाले. पुन्हा पंखा. मग म्हणाले, "आमना लगनमा आते तू वाजाडानं नई. मशीन राहो, नई राहो, मले तिनं काय. तू नई."

"बरं," प्रेमराज म्हणाला.

तो आणखी थोडा वेळ बसला. पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला गेला, तो प्यायला. मग उठला. दुखवट्याच्या घरातून निघताना येतो म्हणत नाहीत. तो म्हणाला नाही.

*

वना चौकातल्या टपरीच्या बाकड्यावर होता. त्याने दुसरा चहा सांगितला.

"ऐकलं त्यांनी?"

"हो."

"काय म्हटलं तू?"

"मी वाजवत होतो म्हटलं."

वनाने पेला खाली ठेवला. शिवी देणार होता, दिली नाही. टपरीवाला ओळखीचा होता. "मग?"

"मी वाजवायचं नाही म्हणाले. त्यांच्या लग्नात."

"आणि टॅब?"

"टॅबचं त्यांना काही नाही."

वनाचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. "मग काय बिघडलं? तू नको येऊ. गाणी दे, ललितला बसवतो." ललित त्याचा पुतण्या, मोबाइल दुकानात बसतो. "टॅब दिपमालाचा शे, माहीत आहे. मोबाइलवर पाठव."

"पाठवतो."

प्रेमराजने टॅब बाहेर काढला. गाणं उघडलं. बेंजोच्या ओळीवर आला आणि पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं. चौकोन रिकामा झाला. मग पुढच्यावर.

वना वाकून बघत होता. "हे काय करतो रे?"

"मला वाजवायचं नाही सांगितलंय."

"तू कुठे वाजवतोय? तू घरी असशील."

ओळ लांब होती. पूर्ण ओळ एकदम पुसायचं बटण त्यात असेल, त्याने शोधलं नाही. कधी चांगलं बोट टेकवलं, कधी ते दुसरं. काचेने फरक केला नाही. मधेच टपरीवाल्याने चहा आणून ठेवला. त्यावर साय धरली.

"अरे, वेडा शे का तू? बेंजो गेला तर काय राहतं त्याच्यात?" वना म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो खरंच विचारत होता.

प्रेमराजने शेवटचा चौकोन रिकामा केला, गाणं लावलं. टपरीवर नुसती ढोलकी वाजू लागली, एकसारखी, कोणाचीच नसलेली. बाकड्यावरच्या एका म्हाताऱ्याने मान वळवून पाहिलं, पुन्हा पेपरात घातली.

"ही यातलीच आहे," प्रेमराज म्हणाला. "ही न्या."