बटणावरचा अंगठा

रुग्णालयाच्या कान तपासायच्या विभागात ताई एकवीस वर्षं पेशंटच्या काचेच्या खोलीबाहेर, यंत्रापाशीच्या खुर्चीत बसत आल्या होत्या. त्या दिवशी त्या आत बसल्या. वर्षातून एकदा तपासणाऱ्यांचेही कान तपासतात; ज्यांना सगळे सूर ऐकू येतात त्यांनीच रोज सकाळी यंत्र ऐकून पाहायचं आणि मग पेशंट घ्यायचे, असा नियम. गेले तीन आठवडे ताईंना डाव्या कानात सर्वांत उंच सूर ऐकू येत नव्हता. तरी त्या रोज सकाळी तक्त्यावर ‘यंत्र बरोबर’ अशी खूण करत होत्या. खुर्ची गेली तर दिवसभरात आपल्याशी बोलणारं कोणी उरणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घरी बोलायचा तो फक्त रेडिओ, आणि हल्ली तोही पुटपुटायला लागला होता.

यंत्रापाशी विभागातली धाकटी सहकारी होती. तिला हे काम ताईंनीच शिकवलेलं.

“आवाज आला की बटण दाबा, कितीही बारीक असला तरी,” ती माइकवर म्हणाली. “आणि ताई, आज तुम्ही पेशंट. शहाणपणा करायचा नाही.”

“पेशंट कधी शहाणपणा करायचे थांबलेत का गं?”

उजवा कान सुरळीत पार पडला. डाव्यात खालचे सूर आले. मग उंच सूर सुरू झाले आणि काही ऐकू येईना. ताईंनी काचेतून धाकटीच्या खांद्याकडे पाहिलं. खांदा हलला की सूर सुटतो. हलला, दाबलं. हलला, दाबलं. पुन्हा हलला, दाबलं.

धाकटीनं मान वर केली.

“ताई, आत्ता मी काहीच सोडलं नव्हतं.”

पेशंट बघून दाबतोय असा संशय आला तर नुसता हात हलवायचा. ही युक्तीही ताईंचीच.

“डोळे मिटा,” धाकटी हळूच म्हणाली. “पुन्हा करू. मी अजून काही लिहिलेलं नाही.”

डोळे मिटूनही अंदाजानं दाबता आलं असतं. दोन सुरांमधला वेळ ताईंच्या अंगवळणी पडला होता. अंगठा तयार होता.

रविवारी त्या वेदान्ताच्या वर्गाला जात. पाच जण आणि एक निवृत्त शिक्षक. खरं तर तिथे खुर्च्या जवळजवळ असतात म्हणून जात. मागच्या खेपेस सरांनी विचारलं होतं, “शांतता कशानं कळते?”

“कानानं,” ताई म्हणाल्या होत्या.

“मग ठार बहिऱ्याला ती कळणारच नाही?”

“त्याला तर दुसरं काही कळतच नाही, सर.”

सगळे हसले. सर हसले नाहीत. “पण कळतं कोणाला?” त्यांनी विचारलं.

आता कानात काहीच नव्हतं. पण ते काहीच नसणं स्वच्छ कळत होतं, सूर कळायचा तितकंच. ताईंनी नीट तपासलं. छातीतली धडधड कळत होती. अंगठ्याचा ताठरपणा, भीती, सगळं कमीजास्त होत होतं. ते ज्याला कळत होतं, त्यात मात्र काही कमी झालेलं सापडेना. त्याला वय नव्हतं, डावं-उजवं नव्हतं. इतकी वर्षं ‘मी’ म्हणजे तीक्ष्ण कानांची एक बाई. तीसुद्धा समोर दिसत होती, बटण घट्ट धरून बसलेली. म्हणजे पाहणारी ती नव्हे.

अंगठा आपोआप सैल पडला.

थोड्या वेळानं धाकटीनं दार उघडलं. “थोडं चांगलं लिहू का, ताई? कोण बघतंय?”

“आलं तेवढंच लिही. आणि तीन आठवड्यांच्या माझ्या सकाळच्या खुणा खोट्या आहेत. त्या दिवसांत तपासलेले पेशंट परत बोलवावे लागतील. डॉक्टरांना मी सांगते.”

“खुर्ची जाईल तुमची!”

“जाईल गं.”

गेलीच. ताईंना खालच्या कागदपत्रांच्या खोलीत टेबल मिळालं. तिथे कोणी फिरकत नाही. दुपारी त्यांनी एकटीनंच डबा खाल्ला. एकटेपणा जाणवला, चांगलाच जाणवला. त्यांनी तो जाणवू दिला, हात पुसले आणि परत बोलवायच्या पेशंटांचे पत्ते काढायला घेतले.