दोघींच्या मागचा जाड आवाज

मित्रांनो, मी एक जुना ॲम्प आहे. गिटारचा बारीक आवाज तारेने माझ्यात शिरतो आणि मोठा होऊन बाहेर पडतो. त्यातही मी बेसचा ॲम्प, म्हणजे गाण्यातला जाड, खालचा आवाज सांभाळणारा. हा आवाज कानांच्या आधी पोटाला कळतो. तो नसला की नेमके काय नाही ते लोकांना सांगता येत नाही, पण गाणे अळणी लागते. मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतो आहे असे तुम्हाला वाटेल. वाटू दे. खरे सांगायला भ्यायचे कशाला?

मला एका सुताराने घडवले. त्याने जाड फळ्या कापून खोका केला, कोपऱ्यांना लोखंडी टोप्या घातल्या आणि पुढे काळी जाळी ठोकली. जाळीमागे माझा स्पीकर आहे, चांगला जेवणाच्या ताटाएवढा. त्याचा कागदी पडदा पुढेमागे हलतो आणि हवेला ढकलतो. माझे सगळे काम एवढेच, पण ते मी मन लावून करतो.

मला विकत आणले काकांनी. काका बेस गिटार वाजवत, त्यांची बायको ड्रम वाजवे, आणि बायकोच्या बहिणीची मुलगी साधी गिटार वाजवून गात असे. ती काकूंना मावशी म्हणते, म्हणून मीही मावशीच म्हणतो. मावशी शिवणकाम करते. तिच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, कापडाच्या ताग्यांमध्ये, आमचा सराव चाले. शिवणयंत्र चालवून चालवून मावशीचा पाय असा तयार झाला आहे की मोठ्या ड्रमवरचा ठोका इकडचा तिकडे होत नाही. भाची चष्म्याच्या दुकानात काचा घासते. तिला सगळे लख्ख आणि ताबडतोब हवे असते. सहा वर्षे आम्ही गुण्यागोविंदाने वाजवले. लोक भाचीच्या गाण्याला टाळ्या देत, मावशीच्या हातांकडे बघत राहत आणि माझ्यावर रिकामे कप ठेवत. मला त्याचे काही वाटत नसे. पायाचे दगड कुणाला दिसतात?

मग काकांची लांबच्या गावी बदली झाली. बेस गिटार खांद्याला लावून ते बसमध्ये चढले. मला घेऊन कोण चढणार? मी मागेच राहिलो.

आता उरल्या दोघी, एक गिटार आणि एक ड्रम. ग्रंथालयाच्या तळघरात एक सभागृह आहे. तिथे महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी त्यांचा कार्यक्रम असे. काका गेल्यानंतरच्या पहिल्याच कार्यक्रमाला व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका, पण आज पोकळ पोकळ वाटलं. सामान हलवलेल्या घरात बोलल्यासारखं."

हे भाचीला फार लागले. त्यातच एका पाच जणांच्या बँडला गिटार वाजवणारी हवी होती आणि त्यांचा म्होरक्या तिच्या मागे हात धुऊन लागला होता. ती मावशीला म्हणाली, "पुढच्या कार्यक्रमापर्यंत बघू. नाही जमलं तर मी त्यांच्याकडे जाते. रागावू नकोस गं."

मावशी सुईत दोरा ओवत होती. "रागावत नाही. पण एकट्या ड्रमला कुणी बँड म्हणत नाही, एवढं लक्षात ठेव."

मित्रांनो, मावशी घाबरली होती. बोलून दाखवत नव्हती, पण त्या दिवशी तिने एका शर्टाला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या.

पहिले पंधरा दिवस दोघींनी नुसता गोंधळ घातला. भाचीने आवाजाची बटणे शेवटपर्यंत फिरवली. एक क्षणही मोकळा राहू नये म्हणून ती सहाही तारा झोडपत राहिली. मावशी झांजा बडवत सुटली. शेजारचा घड्याळ दुरुस्त करणारा भिंत ठोकून ओरडला, "अहो, बँड आहे की भांड्यांचं दुकान?" आवाज मोठा झाला, पण भरला मात्र नाही. उथळ पाण्याला खळखळाट फार! मी कोपऱ्यात बटणांच्या डब्याखाली बसून हे सगळे ऐकत होतो.

मग भाचीला एक युक्ती सुचली, आणि ती खरोखर चांगली होती. गिटारला जाड तारा लावायच्या आणि सगळ्यात जाड तार थोडी सैल करायची, म्हणजे तिचा सूर खाली उतरतो. गिटारची वायर एका डबीत घालून तिथून दोन फाटे काढायचे, एक भाचीच्या छोट्या ॲम्पला आणि एक मला. वाजवणारी एकच, पण वरचा आवाज तो काढणार आणि खालचा मी. मला कोपऱ्यातून ओढताना माझ्या स्पीकरच्या जुन्या वायरी तुटल्या. भाचीने मागची फळी उघडून नव्या जोडल्या. लाल वायर संपली होती, म्हणून तिने दोन्ही काळ्याच लावल्या.

मी तयारीतच होतो. तिने जाड तार छेडली. आवाज आला, पण पातळ, जणू त्याच्यातला गर कुणी काढून घेतला होता.

"म्हातारा झालाय हा खोका," भाची म्हणाली. "देऊन टाक भंगारात."

भंगारात! मला! मी तर सगळी ताकद लावून ढकलत होतो. काय चुकले आहे ते मला आतून कळत होते, पण मला आवाज आहे तो दुसऱ्याचे सांगायला. मी मनातल्या मनात खूप चिडलो.

कार्यक्रमाला तीन दिवस उरले होते. सकाळी दुकान उघडण्याआधी मावशी एकटीच खोलीत आली. तिला गिटार येत नाही. तिने एका बोटाने जाड तार छेडली. आधी फक्त मला सुरू केले. खोली भरून गेली, डब्यातली बटणे खुळखुळली. मग फक्त भाचीचा ॲम्प लावला. तोही छान वाजला. मग दोन्ही लावले आणि आवाज पुन्हा पोकळ झाला. तिने तीनदा करून पाहिले आणि काकांना फोन लावला.

"अहो, एकेकटे झकास वाजतात आणि एकत्र आले की नाही. असं कसं?"

काका तिकडून हसले. "भांडतायत ते. कुणी वायरी काढून जोडल्या का?"

"हिने जोडल्या."

"मग भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढ आणि स्पीकरच्या वायरींना टेकव. पडदा पुढे येतो की मागे जातो ते बघ. दोन्ही ॲम्पला सेल एकाच बाजूने धर. आणि हो, माझ्या खोक्याला काही होत नसतं!"

काकांना मी काही उगाच मानत नाही.

भाची आल्यावर दोन्ही फळ्या उघडल्या. सेल टेकवताच तिच्या ॲम्पचा पडदा टप्पकन पुढे आला. माझा आत गेला. वायरी उलट्या लागल्या होत्या! तो हवा पुढे ढकलत असताना मी ती मागे ओढत होतो. दोघांनी समोरासमोर उभे राहून एकच टेबल ढकलले, तर ते हलेल का?

भाचीचा चेहरा उतरला. "वायरी मी जोडल्या, आणि नावं त्याला ठेवली."

"पश्चात्ताप नंतर कर," मावशी म्हणाली. "आधी वायरींची अदलाबदल कर." मग पुन्हा चूक होऊ नये म्हणून तिने एका वायरीला लाल दोरा बांधला.

त्यानंतरच्या पहिल्याच सुराला भाची दचकली. मावशीच्या पायाचा ठोका आणि माझा धक्का एकदमच पडला. भाचीने आपणहून बटणे खाली आणली. दोन सुरांच्या मध्ये ती थांबू लागली, कारण तेवढ्या वेळात माझा आवाज खोलीत घुमत असे आणि तिला काही भरायची गरज उरली नव्हती.

रविवारी तो म्होरक्या तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. पहिल्याच गाण्यात भाची एका जागी चक्क थांबली. फक्त मावशीचा पाय चालू होता. मग भाचीने जाड तार छेडली आणि मी ढकलले. मागच्या रांगेतल्या खुर्च्या थरथरल्या. व्यवस्थापक बाईंनी टेबलावरचा पाण्याचा पेला पटकन धरला. म्होरक्याने हाताची घडी सोडली.

कार्यक्रम संपल्यावर तो पुढे आला. "मग, कधीपासून येतेस?"

"येत नाही," भाची म्हणाली. "मावशीशिवाय मला ठोकाच सापडत नाही."

मावशी झांजांचे स्क्रू काढत होती. ती एकदम खाली वाकून पडलेला स्क्रू शोधू लागली. बराच वेळ शोधत होती. स्क्रू तिच्या मुठीतच होता, हे मला दिसत होते.

मित्रांनो, जुन्या वस्तूची धूळ पुसा, तिला ओल लागू देऊ नका, आणि ती चालेनाशी झाली तर टाकून देण्याआधी आपल्याच हातून काही उलटे जोडले गेले नाही ना, ते तपासा. माणसांच्या बाबतीतही तपासायला हरकत नाही.

त्या तळघरातून वर यायला बावीस पायऱ्या आहेत. माझ्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी कडी आहे. मला एकट्याने उचलता येत नाही, माझी घडणच तशी आहे. एक कडी भाचीने धरली आणि दुसरी मावशीने.

"उचल," मावशी म्हणाली, आणि आम्ही तिघे घरी निघालो.